सुलोचनाबाईंचा चौकोन

बाळांनो, चित्र काढताना तुम्ही पेन्सिल फिरवता आणि कागद गप्प पडून असतो. आता जरा उलटं समजून पाहा. पेन्सिल एकाच जागी उभी आहे, नुसती खालीवर नाचते आहे, आणि तिच्याखाली कागद फिरवायचा आहे तुम्हाला, दोन्ही हातांनी. फूल काढायचं तर कागदच फुलासारखा फिरवायचा. जमेल? हवेत एकदा हात फिरवून पाहा. गोंधळ उडाला ना? मग कोंढा गावच्या सुलोचनाबाईंचं काय झालं असेल, ते तुम्हाला बरोबर कळेल.

"मावशी, थांबा थांबा! कापड हालूनच नाही राहिलं!"

रक्षा धावत आली आणि तिनं मशीन बंद केली. सुलोचनाबाईंनी हात उचलले. सुईखाली कापडाचा चौकोन होता, आणि त्याच्या मधोमध दोऱ्याची एक गाठ बसली होती, रेशमाच्या कोशासारखी फुगलेली. बाजूच्या मशीनवरच्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

"मशीन ओढनच, असं वाटलं मले," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"ओढत नाही ना, मावशी. दाते खाली पाडले आपण. आता तुमाले फिरवा लागते कापड."

शिलाई मशीनच्या सुईखाली लहान लहान दाते असतात. ते कापड पुढे सरकवत राहतात. शिवणाऱ्यानं फक्त दिशा धरायची. सुलोचनाबाईंचा जन्म त्या दात्यांच्या भरवशावर गेला होता. गावातल्या शाळेचे गणवेश, नवरीची पोलकी, म्हाताऱ्यांच्या बंड्या, सगळं त्यांच्या हातून गेलेलं. त्यांची टीप अशी सरळ, की लोक म्हणत, दोरी लावून शिवली का काय? ही रक्षासुद्धा परकरी पोर असताना त्यांच्याकडेच काज करायला शिकली होती. आता ती बचत गटाची प्रमुख झाली होती. नागपूरच्या एका दुकानाला गोधड्या हव्या होत्या, पण आडव्याउभ्या टाक्यांच्या नव्हे, तर सगळ्या अंगावर वळणावळणाची नक्षी फिरलेल्या. शनिवारी प्रत्येकीनं सरावाचा एक चौकोन आणून दाखवायचा होता. ज्यांचा चौकोन जमेल त्या मशीनवर बसणार. बाकीच्यांनी खाली सतरंजीवर बसून सुटे दोरे कापायचे.

सुलोचनाबाई सतरंजीवर!

"पण कसं फिरवू? खडूनं आखून तरी दे."

"आखायचं नाही. मनानं न्यायचं. इकडून तिकडं, तिकडून इकडं. रेषेवर रेषा चढू नाही द्यायची."

"म्हंजे वाकडं पायजे?"

"हो. वाकडं पायजे, पण चुकल्यासारखं नाही दिसलं पायजे."

सुलोचनाबाईंनी नखानं ती गाठ उकलून पाहिली. सगळा जन्म वाकडं गेलं की उसवलं. आता वाकडंच हवं, तर त्यातलं कोणतं ठेवायचं आणि कोणतं उसवायचं?

घरी त्यांची जुनी पायमशीन होती. तिचे दाते खाली पाडायची सोय नव्हती. मग त्यांनी नवऱ्याचं, म्हणजे धनीरामचं, बाद झालेलं एटीएम कार्ड घेतलं, त्याला सुईपुरतं भोक पाडलं आणि दात्यांवर चिकटवून टाकलं. सुईभोवतीचा नेहमीचा पाय काढून रक्षानं दिलेलं छोटं गोल कडं बसवलं.

धनीराम ओसरीवर धानाच्या पोत्यांची तोंडं शिवत बसला होता. त्यानं मान वर केली. "आता काय माह्या खात्यातून दोरा काढतं काय वं?"

"खात्यात हाये काय तुमच्या? दोराच निघन!"

नात गुड्डी खदखदून हसली. तिचे आईबाप, निकेश आणि रीता, पवनीला कामाला जात आणि दिवेलागणीला परतत. तोवर गुड्डी आजीच्या मशीनला चिकटलेली असे.

सुलोचनाबाईंनी जुन्या लुगड्याचे तुकडे घेतले, मध्ये मऊ कापड घातलं आणि चौकोन कापून ठेवले. एक शिवला. त्यात नांगरटीसारख्या सरळ रेघा आल्या. दुसऱ्यात मुद्दाम वळवलं, तर टाके एकावर एक चढले. तिसऱ्यात पुन्हा कोशासारखी गाठ. मशीन ओढेल म्हणून हात वाट पाहत बसले होते.

"आजी, हे काय काढलं?" गुड्डीनं विचारलं.

"नक्षी होय."

"कायची?"

"मलेच नाही समजून राहिलं, बाई."

धनीरामनं एक चौकोन उलटासुलटा करून पाहिला. "कोंबडी चालली वाटते चिखलातून."

"तुमी पोते शिवा तुमचे!"

पण त्यांच्या आवाजात रोजचा ठसका नव्हता. धनीरामला ते कळलं. तो उठला आणि मशीनच्या चाकात तेलाचे थेंब सोडून परत जागेवर जाऊन बसला.

शुक्रवारी दुपारी त्या पुन्हा मशीनवर बसल्या. आज जमलं नाही तर उद्या काय दाखवायचं? हात कापडावर होते, पण कुठं न्यायचे ते सुचेना. गुड्डी बाजूला पाटावर बसून चिंचोके मांडत होती. तिनं मध्येच विचारलं, "आजी, तू लहान होती तवा कोणत्या गावाले राहे?"

"माहेरी राहो ना."

"मले काहून नाही नेत तिथं?"

"कशी नेऊ? धरण झालं ना. पाण्यात गेलं ते गाव."

"पूरं?"

"पूरं."

"मग तुह्या शाळेची वाट?"

"शाळेत कुठं होती मी! बाबाले भाकर नेऊन द्यायची, बांधीवर." बांधी म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, चारी बाजूंनी धुऱ्यानं, म्हणजे मातीच्या बांधानं, अडवलेला. सुलोचनाबाईंचा पाय पायट्यावर हलू लागला होता. "घरातून निघालं का पयले लागे कवठाचं झाड. त्याले वळसा घालून जायचं, काहून का खाली मुंगळे. मग तेल्याच्या परसातून. त्याचा कुत्रा भुंके, तर अशी बाजूनं सरकत जाये मी..."

हात सरकले.

"मग धुरा लागे. धुरा कधी सरळ नसते, गुड्डी. पाणी जसं थांबलं तसा तो वळते. इकडून जा, मग तिकडून जा. डोक्यावर टोपली. पायाकडं पाहिलं का पडलीच समज. पुढं पाहायचं."

"अन् मग?"

"मग बोडी." बोडी म्हणजे लहानसं तळं. "तिच्या पाळीवरून गोल फिरून जा लागे. पाळीवर येनाचं झाड. तिथं जरा टोपली उतरवायची. मग उतार. मग पुन्हा धुरा, लहानसा, एका पायाचा. त्याच्या टोकाले बाबा उभा राहे. दुरूनच म्हणे, आली का वं सुली..."

त्या थांबल्या. पायही थांबला. वाटेत खालच्या रिळाचा दोरा कधी संपला होता, ते त्यांना कळलंच नव्हतं. सुई नुसतीच चालत राहिली होती. त्यांनी कापड बाहेर ओढलं तसा त्यापुढचा वरचा सैल दोरा निसटून हातात आला.

चौकोनावर एक रेषा होती. कुठं गोल वळली होती, कुठं बाजूनं सरकली होती, पण एकदाही स्वतःवर चढली नव्हती. मधल्या एका मोठ्या वळणानंतर ती थांबली होती. पुढचा कोपरा कोरा होता.

"कसं झालं हे?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

त्यांनी रीळ भरलं आणि दुसरा चौकोन घेतला. तोच वेग, तेच हात. पुन्हा गाठ. तिसरा घेतला. टाके थरथरले. सुलोचनाबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. आपलेच हात आपल्याला ओळखू येईनात.

शनिवारी रक्षानं त्यांच्या पिशवीतला तो चौकोन पाहिला आणि ओरडलीच. "मावशी! हाच! असाच पायजे. पहा वं सगळ्या जणी, याले म्हणते मोकळा हात. थोडासा कोपरा राहिला, तो भरून टाका बस. नागपूरले नमुना म्हणून हाच पाठवतो मी."

आदल्या आठवड्यात हसलेल्या दोघी पुढे येऊन वाकून पाहू लागल्या. एकीनं त्यावरून बोट फिरवलं. सुलोचनाबाईंना वाटलं, आता आपल्याला आनंद होईल. त्या वाट पाहत राहिल्या. आनंद काही आला नाही. ते परकं बोट त्यांच्या बापाच्या धुऱ्यावरून चाललं होतं.

"हा नाही देत," त्या म्हणाल्या.

"काहून?"

"मले नाही माहीत, बाई." त्यांनी चौकोन हलकेच ओढून घेतला, घडी न घालता पिशवीत ठेवला, आणि खालून दुसरा काढून टेबलावर ठेवला. टाके थरथरलेला. "हा घे माहा."

"मावशी, असं काय करून राहिल्या? याच्यावर मी मशीन नाही देऊ शकत तुमाले. बाकीच्या काय म्हणतील?"

"बरोबर हाये तुहं."

"मग तसाच दुसरा बनवून द्या. मी थांबतो सोमवारपर्यंत."

"नाही बनत. केले मी. तो कसा बनला, तेच मले नाही समजलं."

रक्षा चौकोनाकडे आणि मग तिला काज शिकवणाऱ्या बाईच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिलाही काही कळलं नाही. सुलोचनाबाई चपला नीट बाजूला लावून सतरंजीवर जाऊन बसल्या. त्यांनी घरून आणलेली स्वतःची लहान कात्री काढली आणि पहिली गोधडी मांडीवर ओढली. सुटा दोरा कसा कापायचा, मुळाशी, पण टाका न दुखवता, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

त्या घरी आल्यावर धनीरामनं विचारलं, "काय झालं?"

"दोरे कापतो मी आता."

तो उठला आणि चहा मांडायला आत गेला.

गुड्डीनं पिशवीतून चौकोन काढला आणि ओसरीवर पसरला. दोन बोटांचे पाय केले आणि ते रेषेवर चालवू लागली. "हे कवठ ना?"

सुलोचनाबाईंनी वाकून पाहिलं. मग तिच्या शेजारी खाली बसल्या. "हो. अन् हा तेल्याचा कुत्रा."

"भू भू! सरक सरक." बोटं बाजूनं सरकली. धुऱ्यावर चढली. वळली. पाळीवरून गोल फिरली आणि दोरा संपला तिथं थांबली. "आता?"

"आता काई नाही. पाणी."

गुड्डीनं कोऱ्या कोपऱ्यावर तळवा फिरवला. पुन्हा फिरवला. मग कापड उचलून उजेडाकडे धरलं. दोरा नव्हता, पण रिकामी सुई जिथं जिथं उतरली होती तिथं बारीक बारीक भोकं होती. त्यांतून उजेड येत होता. पाळीवरून उताराला, उतारावरून एका पायाच्या लहानशा धुऱ्यावर, आणि पार टोकापर्यंत.

तिनं चौकोन पुन्हा जमिनीवर ठेवला. मग डाव्या हातानं फ्रॉक गुडघ्याच्या वर उचलून धरला, आणि उजव्या हाताची दोन बोटं हळूच कोऱ्या कोपऱ्यातल्या पाण्यात उतरवली.