सूट यंत्राला, हात सहादेवचे

केडगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात उभा आहे ना, तो जुना लेथ मी. लोखंड गरगर फिरवून कातणारं यंत्र. मित्रांनो, हल्ली मी काम थोडं करतो आणि स्वप्नंच फार बघतो.

बहात्तरच्या सुमारास मी इथं आलो. नवं यंत्र घेणाऱ्याला तेव्हा सरकार करात सूट द्यायचं, आणि ती सूट लवकरच बंद होणार होती. हिशेबनीस सुमंतांनी हे सांगताच मालक आप्पासाहेबांनी मला घेऊन टाकलं. आसपासच्या शेडवाल्यांनीही तेच केलं. यंत्रं आली हो, पण चालवणारे कुठून आणायचे? जो तो टर्नर शोधत हिंडू लागला.

आमच्याकडे टर्नर एकच, गहिनीनाथ. जुना कामगार सहादेव हातानं कानस घासून पंपाचे भाग बनवायचा. त्याचं दिवसभराचं काम मी चुटकीसरशी करू लागलो. दसरा झाला की येऊ नकोस, असं मालकांनी त्याला सांगितलं. मला फार वाईट वाटलं. कुणाच्या पोटावर पाय द्यायला का मी आलो होतो?

खंडेनवमीला आमची पूजा झाली. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, ही रीत. सहादेवची कानस माझ्या पायाशी राहिली आणि तो नुसताच बसून राहिला. गहिनीनाथ त्याला म्हणाला, "काम करायचं न्हाई. शिकायला काय हरकत हाय? दसरा तर शिकायचाच मुहूर्त."

वीज बंद होती. झेंडूचा, उदबत्तीचा वास दाटला होता. सहादेव माझी चाकं हळूहळू फिरवत होता आणि मी अर्धवट झोपेत त्याचे हात ओळखत होतो.

दसऱ्यानंतर गहिनीनाथला शेजारच्या शेडनं जादा पगारावर बोलावलं. मालकांचं धाबं दणाणलं. मशीन आता कोण चालवणार, असं त्यांनी विचारलं.

"सहादेव चालवंल," गहिनीनाथ म्हणाला. "मशीन तुमी इकत आनलं, मालक. मानूस घडवावा लागतो."

आपली कानस न्यायला आलेला सहादेव माझ्यापुढं उभा राहिला. पहिलाच भाग वाया गेला. तो मान खाली घालून कानस उचलायला वाकला. मालकांनी तो बिघडलेला तुकडा उचलून बाजूला ठेवला. मग त्यांनी लोखंडाचा दुसरा तुकडा त्याच्या हातात दिला.

मित्रांनो, यंत्राला तेलपाणी कराच. पण नवं यंत्र आणाल तेव्हा शिकणाऱ्याच्या हातून वाया जाईल एवढं लोखंडही सोबत आणा.