शनिवारच्या वर्गाचा माईक

मी एक जुना माईक आहे. जुना आहे म्हणजे बिचारा आहे असं समजू नका, मित्रांनो. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगायला घेतली की त्या हमखास रडतात. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची रडते. मी रडणार नाही. माझ्या डोक्यावरची जाळी चेपलेली आहे, अंगाचा काळा रंग उडाला आहे, वायरला मध्येच काळी टेप गुंडाळलेली आहे. पण आवाज विचाराल तर आजही खणखणीत आहे. ऐकायचं असेल तर नीट बसा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पोटात एक लोहचुंबक आणि केसासारख्या बारीक तारेची गुंडाळी बसवून मला खोक्यात घातलं, एवढंच आठवतं. १९९९ साली गोंदियाच्या बाजारातून मला विकत घेतलं आणि शहराबाहेरच्या नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात आणलं. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, बुजवून ते कॉलेज उभं केलं होतं आणि भिंतींचा ओलावाही अजून वाळला नव्हता. बकाराम नावाच्या शिपायाने मला स्टँडवर चढवलं, माझ्या डोक्यात दोन टिचक्या मारल्या आणि 'हॅलो, हॅलो' केलं. हे टिचक्या मारायचं खूळ कुणी काढलं कोण जाणे! एखाद्या माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या डोक्यात टिचक्या मारता का तुम्ही?

पण सांगायला हवं, पहिली काही वर्षं मी मानाने काढली. व्याख्यानांना तोटा नव्हता. अभियंता दिन झाला की व्याख्यान, नवी तुकडी आली की व्याख्यान, कोणी मोठे साहेब रायपूरच्या गाडीने जाताना गोंदियाला उतरले तरी त्यांना धरून आणून व्याख्यान. कोणी माझ्यात फुंकर मारायचे, कोणी मला तोंडात घालतात की काय असं वाटायचं. एका पाहुण्याने तर तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात धरून 'उद्याचा अभियंता' या विषयावर भाषण केलं. माझ्या जाळीचा वास आठवडाभर गेला नाही! कोणी फारच बढाया मारायला लागला की मी कर्रकन शिट्टी वाजवायचो. लोक म्हणायचे, माईक खराब आहे. म्हणेनात का.

मला खरा राग यायचा तो भाषण संपल्यावर. पाहुणे विचारायचे, "एनी क्वेश्चन्स?" आणि बकाराम मला स्टँडवरून काढून खाली न्यायचा. माझी वायर तिसऱ्या रांगेपर्यंत पुरायची. तिथे शहरातली, इंग्रजी शाळेतून आलेली मुलं बसायची. त्यांच्यातल्या दोघातिघांकडून विभागप्रमुखांनी आदल्या दिवशीच प्रश्न पाठ करून घेतलेले असायचे. पाहुण्यांपुढे कॉलेजची शोभा व्हायला नको म्हणून ही रीतच पडली होती. पाठ केलेला प्रश्न यायचा, पाहुणे खूश व्हायचे, टाळ्या पडायच्या आणि आभार मानले जायचे.

आणि मागे? मागे केशोरीची, देवरीची, सालेकशाची अशी दूरच्या खेड्यापाड्यांतली मुलं बसायची. पहाटेच्या एसटीने नाहीतर पॅसेंजरने यायची. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली ही मुलं भाषण संपेपर्यंत वहीत डोकं घालून बसायची. त्यांना प्रश्न नव्हते असं वाटतं का तुम्हाला? त्यांना तर पोटभर प्रश्न होते. पण मी त्यांच्यापर्यंत कधी पोचलोच नाही. वायर थोडी वाढवावी असं इतक्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजात एकालाही सुचू नये, याला काय म्हणावं?

मग २००७ साली बिनवायरचा माईक आला. चकचकीत, हलका, वर लाल दिवा. माझी रवानगी मंचाखालच्या कपाटात झाली. तीन वर्षं मी झुरळांची भाषणं ऐकली. आता बिनवायरचा माईक आला म्हणजे तो तरी शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं मला वाटलं होतं. कसचं काय! तोसुद्धा तिसऱ्या रांगेतून परत यायचा. तेव्हा मला कळलं की दोष माझ्या वायरीचा नव्हता.

२०१० साली कपाटाचं दार उघडलं आणि संघदीप सरांनी मला बाहेर काढलं. सर इलेक्ट्रिकल विभागात नवे होते, कंत्राटावर होते, आणि स्वतः अर्जुनीकडच्या खेड्यातून मराठीत शिकून आले होते. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली होती. मागच्या बाकावरची मुलं लेखी परीक्षेत पास व्हायची आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, अडकायची. बाहेरगावचा परीक्षक समोर बसला, इंग्रजीत प्रश्न आला की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं. येत असायचं सगळं, पण बाहेर पडायचं नाही. म्हणून सरांनी दर शनिवारी दुपारी कोपऱ्यातल्या एका रिकाम्या खोलीत वर्ग सुरू केला. त्यांनी मला जुन्या ॲम्प्लिफायरला जोडलं आणि एकच नियम सांगितला.

"माईक ज्याच्या हातात, त्याला कोणी हसायचं नाही. बोली कोणतीही चालेल. हसेल त्याचा नंबर पुढचा."

पहिल्या दिवशी मला मोनालीच्या हातात दिलं. मोनाली केशोरीची, देवाजी आणि भागीरथा यांची मुलगी, घरातली पहिली कॉलेजात आलेली. इलेक्ट्रिकल मशीन्स या विषयाच्या व्हायवात ती नापास झाली होती, फक्त गप्प राहिली म्हणून. तिचा तळवा घामाने ओला होता. मग एकदम म्हणाली, "मी काऊन उभी राहू, सर? मले काईच येत नाही."

तो आवाज स्पीकरमधून मोठा होऊन आला आणि ती स्वतःच दचकली. कोणीतरी फिसकन हसलं. सरांनी त्या मुलाला बोटाने खूण केली की पुढचा नंबर तुझा, आणि तिला म्हणाले, "काईच येत नाही म्हणतेस ना, मग ट्रान्सफॉर्मर काय ते आईले सांगशील तसं सांग."

मोनालीने मला दोन्ही हातांनी धरलं. "दोन गुंडाळ्या राहतेत, सर. एकीची दुसरीले कोठीच जोड नाही राहत. पण पहिलीत करंट वर-खाली होऊन राहिला, तं मंधातल्या लोखंडात चुंबक जागते, आन् त्यानं दुसरीतही करंट उठते. करंट एकसारखा ठेवला तं काईच नाही होत. हालचाल पाहिजे."

काय सांगू तुम्हाला! माझ्याही पोटात चुंबक आणि गुंडाळीच आहे, पण मोठमोठ्या पाहुण्यांपैकी एकानेही मला माझं पोट असं उलगडून सांगितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी शिट्टीच वाजवली. सर म्हणाले, "आता हेच इंग्रजीत." ती अडखळली, चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पण गप्प बसली नाही.

त्या वर्षात माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम झालं. मुलांनीच एका शनिवारी माझी वायर कापली, हॉलभर पुरेल एवढा लांब तुकडा जोडला, वर टेप गुंडाळली आणि मला खोलीच्या शेवटच्या बाकापर्यंत नेलं. टेप दिसायला वाईट दिसते. दिसू दे!

पुढल्या वर्षी कॉलेजात तपासणी समिती येणार असं ठरलं आणि सगळ्यांची धांदल उडाली. समितीला 'विद्यार्थी साहाय्य कक्ष' दाखवायचा होता. त्यासाठी खोली हवी, म्हणून आमचीच खोली घेतली. रंग दिला, सोफा ठेवला, कुंड्या ठेवल्या, दारावर पितळी पाटी ठोकली. आणि शनिवारचा वर्ग बंद केला! प्राचार्यांनी संघदीप सरांना बजावलं, "समितीसमोर ही पोरं गावठी बोलली तर काय दिसेल? तुमचं कंत्राट पुढे चालावं असं वाटतं ना?" साहाय्य कक्ष सजवायला साहाय्यच बंद पाडलं, मित्रांनो. मी पुन्हा कपाटात गेलो.

मोनालीची व्हायवा पुन्हा व्हायची होती. परीक्षक बाहेरचाच येणार होता. या वेळी गप्प राहिली तर वर्ष जाणार होतं, आणि वर्ग बंद झाल्यावर तिची जीभ पुन्हा जड व्हायला लागली होती. तिच्यासारखी अजून बरीच होती.

समिती आली त्या सकाळी कपाटाजवळ दबक्या आवाजात बोलणं चाललेलं मी ऐकलं.

"काका, जुना माईक याच कपाटात आहे ना?" हा मोनालीचा आवाज.

"कायले पाहिजे?" हा बकाराम.

"बोलाले."

"बाई, माही नोकरी खाशील तू."

"तुम्ही देऊ नका ना, काका. फक्त कपाटाले कुलूप लावू नका."

बकारामच्या किल्ल्या खुळखुळल्या आणि त्याची पावलं दूर गेली. कुलूप मात्र लागलं नाही. थोड्या वेळाने मोनाली आणि तिच्या मैत्रिणीने मला काढलं, माझी पिन हॉलच्या ॲम्प्लिफायरच्या रिकाम्या भोकात खुपसली आणि वायर भिंतीकडेने शेवटच्या रांगेपर्यंत नेली. मोनालीने मला ओढणीखाली धरून ठेवलं.

समितीच्या अध्यक्षांचं भाषण झालं. विषय होता 'विद्यार्थी केंद्रस्थानी'. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला अभ्यासात मदत मिळते का?" बिनवायरचा माईक ठरल्याप्रमाणे तिसऱ्या रांगेत पीयूषकडे गेला. पीयूष गोंदियाच्या बाजारातल्या कापड दुकानदाराचा मुलगा, हुशार आणि गोड बोलणारा. त्याने झकास इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे दर शनिवारी साहाय्य वर्ग होतो आणि आम्हाला त्याचा फार फायदा होतो. टाळ्या पडल्या.

मोनाली उभी राहिली. मला तोंडाशी धरून म्हणाली, "सर!"

आवाज निघाला नाही. माझं बटण शून्यावर होतं. ॲम्प्लिफायर मंचाच्या बाजूला होता आणि त्याच्याजवळ बकाराम उभा होता. तिने पुन्हा ओठ हलवले. पुढच्या रांगांतली मुलं मागे वळून हसायला लागली. असा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. अरे बकाराम, इतकी वर्षं टिचक्या मारल्यास, आज एक बटण फिरव की!

प्राचार्यांनी त्याला हाताने खूण केली, राहू दे. बकारामने ती पाहिली. मग त्याने मान खाली घातली आणि बटण फिरवलं. थोडं नाही, चांगलं शेवटपर्यंत.

"सर!" सगळा हॉल दणाणला. "मी मोनाली, इलेक्ट्रिकल, केशोरीची. शनिवारचा वर्ग आमचा होता. तो बंद केला. त्या खोलीत आता सोफा आहे."

"बकाराम, बंद करो उसको!" प्राचार्य ओरडले. बकाराम छताकडे बघत राहिला.

अध्यक्ष म्हणाले, "जरा इंग्रजीत सांगशील का?"

"इंग्रजी येते सर, त्याच वर्गात शिकली. व्हायवात इंग्रजीतच बोलीन. पण हे माह्या बोलीतच सांगीन."

अध्यक्षांनी पीयूषकडे पाहिलं. "मागच्या शनिवारी वर्गात काय शिकवलं?"

पीयूष लाल झाला. त्याने एकदा विभागप्रमुखांकडे पाहिलं, एकदा मागे मोनालीकडे पाहिलं. "सर, मैं कभी गया ही नहीं," तो म्हणाला. "मुझे जो बोलने को कहा था, वो बोला." आणि बसला. त्या दिवशी तो मला पहिल्यांदा आवडला.

प्राचार्यांनी घाईघाईने बिनवायरचा माईक ओढून घेतला. "वर्ग बंद नाही, मॅडम... म्हणजे बेटा, रंगकामासाठी थोडा थांबवला होता. येत्या शनिवारपासून नियमित सुरू होईल. सर्वांसमोर सांगतो."

मोनाली म्हणाली, "सर, आज शनिवारच होय."

मग कडेच्या खुर्चीवरून संघदीप सर उठले. ते मंचाकडे गेले नाहीत. मधल्या वाटेने सरळ चालत शेवटच्या रांगेत आले, मोनालीच्या बाजूला उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बोला, आज पहिला नंबर कोणाचा?"

सालेकशाच्या एका मुलाने हात पुढे केला आणि मोनालीने मला त्याच्या हातात दिलं. त्या दिवशी वर्ग शेवटच्या रांगेत भरला. समितीला, प्राचार्यांना आणि पहिल्या तीन रांगांना माना मागे वळवून बसावं लागलं. बघू देत! आम्ही इतकी वर्षं त्यांच्या पाठी बघितल्या होत्या.

पुढे सोफा प्राचार्यांच्या खोलीत गेला आणि आमची खोली आम्हाला मिळाली. संघदीप सरांना आणि बकारामला बोलणी बसली. दोघांनी ती ऐकून घेतली, आणि पुढच्या शनिवारी दोघंही वेळेवर हजर होते. मोनाली व्हायवात पास झाली. परीक्षकापुढे ती काय बोलली ते मला माहीत नाही, कारण तिथे मला कोणी नेलं नव्हतं. तिला माझी गरजच पडली नाही, याचा मला अजून अभिमान वाटतो.

तर मित्रांनो, इथे मी हात जोडून म्हणायला हवं की जुन्या वस्तू जपा, त्यांना पुसा, नीट ठेवा. मी म्हणणार नाही. कपाटात ठेवून फार जपलं होतं मला, झुरळंसुद्धा कंटाळली. मला जपायचं असेल तर घामेजल्या हातांनी धरा. अडखळा, चुका, तुमच्या गावच्या बोलीत बोला, पण बोला. माईक तुमच्या हातात असताना कोणी हसलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.