टेपमध्ये आहे ते सगळं

श्यामकांतने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि खोलीतल्या सहा माणसांनी माना खाली घातल्या, शोकसभेत घालतात तशा.

दिल्लीत मुनिरकातली ही खोली विष्णू मास्टरच्या ब्रास बँडची. भिंतीला लाल कोट टांगलेले, कोपऱ्यात ढोल, आणि उरलेल्या जागेत एक गृहस्थ भलंमोठं पितळी युफोनियम मांडीवर घेऊन बसलेला, तान्ह्याला न्हाऊमाखू घालायला बसल्यासारखा. टेपमधून सतार ऐकू येत होती. तिलक कामोद रागातली गत. मध्येच कुकरची शिट्टी झाली. मग बाईचा आवाज, "अहो, गॅस बारीक करा ना." मग आणखी दोन शिट्ट्या.

"मैडम हैं?" मास्टरने विचारलं.

"थीं," श्यामकांत म्हणाला आणि त्याने खिशातून कागद काढला.

एकतीस वर्षं मंत्रालयात काढलेल्या माणसाला तोंडी सांगून भागत नाही. कागदावर विषय होता, 'सतारीची गत पितळी वाद्यांवर बसवण्याबाबत'. हिंदीत, तीन प्रतींत. कलम चार असं की टेपमध्ये जे आहे तेच वाजवावं. पदरचं काही घालू नये, त्यातलं काही गाळू नये. मास्टरने तिन्ही प्रतींवर सही केली आणि तिन्ही परत दिल्या.

हेमलता ऑगस्टमध्ये गेली होती. वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून वृंदाचं फेब्रुवारीत ठरलं. "तुझ्या पाठवणीला रडारड नको, मी सतार वाजवीन," असं हेमलता लेकीला लहानपणापासून सांगत आलेली. आता सतार खोळ घालून कपाटावर होती आणि उरली होती ही एकच कॅसेट.

"मग तीच लावा ना लाउडस्पीकरवर," हेमलताचा भाऊ राजाभाऊ म्हणाला. श्यामकांतच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तो रोज संध्याकाळी चहाला यायचा आणि रोज एक सल्ला देऊन जायचा.

"साखरपुड्याला लावली होती. मशीनने चावली. पेन्सिल घालून गुंडाळत बसलो तासभर."

"पण पाठवणीला बँड? लोकांना वाटेल, मुलगी गेल्याचा आनंद झालाय."

श्यामकांतने पेपरचं पान उलटलं. पान उलटताना एक झटका द्यायची त्याला सवय होती. खर्र.

"आणि ती मींड कशी काढणार पितळेतून? तार खेचावी लागते त्याला. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं असतं."

"ट्रॉम्बोनवाला बोलावलाय. त्याची नळी मागेपुढे सरकते. पानिपतचा आहे."

"पानिपतचा," राजाभाऊने कप खाली ठेवला. "आपल्या लोकांचा तिथला अनुभव तुला माहीत आहे, यार."

"बाबा, पेपर ठेवा ना खाली," वृंदा आतून म्हणाली. "मामा बोलतोय."

"ऐकतोय मी," श्यामकांत म्हणाला. खर्र.

पानिपतचा माणूस चांगला निघाला. अडचण खोलीची होती. लांब मींड घ्यायची तर नळी खिडकीतून बाहेर न्यावी लागायची, आणि मुनिरकात खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्याची खिडकी. तालमीच्या दिवशी पहिली मींड सुरेख गेली. दुसरीला नळी परत आली ती समोरच्यांचा बनियन घेऊन. ट्रॉम्बोनवाल्याने तो काढला, घडी करून खिडकीत ठेवला आणि तिसरी मींड घेतली.

श्यामकांत डोळे मिटून ऐकत होता. गत खरंच बसली होती. इतक्यात ट्रम्पेटवाल्याने एक कर्कश स्वर काढला. ढोलवाला खर्जात म्हणाला, "अहो, गैस बारीक करा ना." मग ट्रम्पेटने आणखी दोन शिट्ट्या दिल्या.

श्यामकांतने डोळे उघडले.

"टेप में है, साहब," मास्टर म्हणाला. "कलम चार."

श्यामकांत हसायला लागला. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. हसता हसता त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. बँडवाले नम्रपणे वाट पाहत राहिले.

"शिट्टी काढा. बोलणं पण काढा," तो हिंदीत म्हणाला. "आणि मध्ये मध्ये थांबताय ते चालणार नाही. तुम्हाला फुंकायला हवा लागते, बरोबर. पण सतारीला लागत नाही. तिथे सलग पाहिजे."

"हम नहीं रुकते साहब. मैडम रुकती हैं."

"कुठे?"

मास्टरने टेप मागे नेऊन लावली आणि बोट वर केलं. सतारीची ओळ संपली. दुसरी सुरू व्हायच्या आधी एक बारीक पोकळी. त्या पोकळीत, अगदी हलका, ओढून घेतलेला श्वास.

"पहले सोलह मात्रा पर. फिर बारह पर. आखिर में आठ पर ही," मास्टर म्हणाला. "चालीस साल से फूँक रहा हूँ. साँस तो सुनाई दे ही जाती है. तकलीफ़ थी उनको?"

"नंतर. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये कळलं. फुप्फुसं."

मास्टरने कॅसेट बाहेर काढून त्याच्या हातात दिली. लेबलवर हेमलताच्या अक्षरात लिहिलं होतं, 'दिवाळी ८५'. एप्रिलच्या दीड वर्ष आधीची.

समोरच्या खिडकीतून एक हात आला आणि बनियन घेऊन गेला.

"और ये, साहब?" मास्टरने झांजवाल्याला खूण केली. त्याने झांजा एकमेकींवर हलकेच घासल्या. खर्र. "पाँच बार आता है. हर बार उनकी साँस के ठीक बाद. कौन सा साज़ है, समझ में नहीं आया. तो झाँज को दे दिया. निकाल दूँ?"

श्यामकांतने कागदाची घडी उघडली, कलम चारवर बोट ठेवलं, पुन्हा घडी घातली.

"वो रहने दीजिए," तो म्हणाला.

पाठवणीच्या दिवशी सकाळी क्वार्टरसमोर ऊन छान पडलं होतं. वृंदा शेल्याची गाठ सांभाळत पायऱ्या उतरली आणि लाल कोटांनी सुरुवात केली. गॅलऱ्यांमध्ये उभ्या असलेल्या तमिळ, बंगाली आणि पंजाबी बायका गप्प झाल्या. पाठवणीला बँड वाजतो म्हणून नव्हे, तो इतका हळू वाजू शकतो म्हणून.

"बरी बसवलीये," राजाभाऊ कानाशी म्हणाला. "पण थांबतात का सारखे? दम लागतो वाटतं."

"हो," श्यामकांत म्हणाला. "दम लागतो."

"आणि तो मध्येच झांज काय घासतोय?"

श्यामकांत मोजत होता. दुसरी वेळ. तिसरी. वृंदा मोटारीच्या दाराशी थांबली होती आणि मान वळवून बँडकडे बघत होती, त्यात आईचा सतारीवरचा हात ओळखू यावा तशी. चौथी.

मग तो गर्दीतून पुढे निघाला. लोकांना वाटलं, लेकीला जवळ घ्यायला चाललाय, म्हणून त्यांनी वाट करून दिली. तो मोटारीपर्यंत गेला नाही. झांजवाल्यासमोर उभा राहिला. ओळ आठ मात्रांवर तुटली. झांजवाल्याने हात उचलले, आणि श्यामकांतने दोन्ही तळवे त्या झांजांवर ठेवले.

काहीच वाजलं नाही. फक्त सगळ्या वाजवणाऱ्यांनी एकदम श्वास घेतला, आणि तो पायऱ्यांपर्यंत ऐकू आला.