पेटीतला ओलावा

विराट गेला तेव्हा त्याच्या खोलीत, जाळीचं झाकण असलेल्या काचेच्या पेटीत, एक जिवंत प्राणी मागे राहिला. आफ्रिकेकडच्या जातीचा, मनगटाएवढा जाड, तपकिरी अजगर. घाबरला की तो अंगाचा गोळा करून डोकं आत लपवायचा, म्हणून विराटनं त्याचं नाव नाचणीच्या गोळ्यावरून, कानडीत म्हणतात तसं, मुद्दे ठेवलं होतं. बनशंकरीच्या त्या घरात त्याआधी कुणी मांजरही पाळलं नव्हतं. रत्नाबाई, म्हणजे विराटची आई, त्या खोलीचा केर काढायची तीसुद्धा दारात उभी राहून, झाडू लांबवून.

मार्चमध्ये आउटर रिंग रोडवर एका टँकरनं विराटच्या मोटारसायकलला धडक दिली. त्याच दुपारी त्यानं ऑफिसातून आईला फोन केला होता. मुद्देची कात निघायची वेळ आली होती आणि हवा कोरडी ठणठणीत होती. अशा हवेत सापाची कात अंगालाच चिकटून राहते, तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरची तर निघतच नाही. म्हणून तो म्हणाला, "आई, पेटीत स्वल्प पाणी मार. भिऊ नको, वरूनच मार." तिनं श्वास रोखून जाळीतून फवारा मारला. संध्याकाळी ते सांगायला तिनं फोन लावला, तो कुणी उचललाच नाही.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. त्यानंतर रत्नाबाई सकाळ, दुपार, संध्याकाळ पेटीत पाणी मारू लागली. विराटच्या धाकट्या बहिणीला, रक्षिताला, ते बरंच वाटलं, कारण आई अंथरुणातून उठायची ती तेवढ्यासाठीच. साप कुणाला तरी देऊन टाकू या, असं अप्पांनी, तिच्या वडिलांनी, एकदा जेवताना काढून पाहिलं. आईनं ताट बाजूला सारलं आणि उठून गेली. पुन्हा तो विषय कुणी काढला नाही. फ्रीजरमधला उंदीर कोमट करून चिमट्यानं मुद्देपुढे धरायचं काम रक्षितानं अंगावर घेतलं.

एप्रिलमध्ये कात निघाली ती अखंड, डोळ्यांवरच्या इवल्या चकत्यांसकट. आईनं ती वर्तमानपत्रावर पसरली आणि अप्पा दुकानातून येईपर्यंत राखत बसली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मग पाऊस सुरू झाला, हवाच ओली झाली, आणि आईचं पाणी मारणं चालूच राहिलं. ओलावा उडून जाऊ नये म्हणून विराटनं उन्हाळ्यात जाळीवर टाकलेला टॉवेलही तसाच होता. पेटीच्या काचेवरून थेंब ओघळायचे. खालच्या नारळाच्या भुशाला कोंदट वास येऊ लागला. आतल्या भिंतीला चिकटवलेल्या, ओलावा मोजणाऱ्या छोट्या मीटरचा काटा शेवटच्या टोकाला जाऊन बसला होता. उंदीर देताना रक्षिताला तो दर वेळी दिसायचा. ओलं आहे म्हणजे चांगलंच आहे, असं समजून ती झाकण लावायची. तिचं ऑफिस बेळ्ळंदूरला. ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत तिच्यात फार काही विचारायचं त्राण उरत नसे.

जुलै सरता सरता मुद्देनं उंदराकडे पाठ फिरवली. नंतर तो मान ताठ करून काचेला टेकवून बसू लागला. तोंड जरासं उघडं. श्वासागणिक बारीक शिट्टी वाजायची आणि नाकपुडीशी फेस यायचा. रक्षितानं त्याला कापडी पिशवीत घालून सर्जापूर रोडवरच्या एका प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी त्याला उताणं करून पोटावरचे तांबूस चट्टे दाखवले. कोंडलेल्या ओलाव्यानं कातडी कुजत होती आणि फुप्फुसात संसर्ग झाला होता. टॉवेल काढा, भुसा टाकून द्या, पेटी उबदार आणि कोरडी ठेवा, प्यायच्या वाटीशिवाय पाण्याचा थेंब नको, असं त्यांनी सांगितलं. इंजेक्शनं दिली, घरी कशी टोचायची तेही शिकवलं. उशीर झालाय, हेही त्यांनी लपवलं नाही.

कशामुळे झालं ते आईला कळू द्यायचं नाही, असं रक्षितानं येताना रिक्षातच ठरवलं. घरी येऊन तिनं भुसा काढून कागद अंथरला आणि आईला एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी काही दिवस पाणी बंद करायला सांगितलंय. आई "सरी" म्हणाली, म्हणजे बरं. दुसऱ्या दिवशी कागद ओला होता. रक्षितानं फवाऱ्याची बाटली लपवली. मग एका सकाळी आई पेटीपाशी उभी दिसली. हातात पाण्याचा लोटा, त्यात बोटं बुडवून जाळीतून शिंपडत होती.

"आई, तुला नको म्हटलं होतं ना?"

"तो पाणी मार म्हणाला होता."

"तेव्हा हवा कोरडी होती गं. आता नाहीये."

"कधी थांबायचं ते कुठं सांगितलं त्यानं मला?"

मुद्देच्या श्वासाची शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती. रक्षितानं स्वतःला आवरायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"पाण्यानंच झालंय हे, आई. आपण मारत राहिलो ना, त्यानं."

रत्नाबाईनं लोटा खाली ठेवला. ती रडली नाही. पदराचं टोक घेऊन तिनं आधी जाळी पुसली, मग काच, मग आत हात घालून मुद्देच्या पाठीवरचे थेंब. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्याला हात लावला होता. तो गोळा होण्याइतकाही हलला नाही.

त्यानंतर ती खोलीत गेली नाही. सकाळी अप्पा मुद्देला धरायचे आणि रक्षिता सुई टोचायची. एका रविवारी आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आवाज थांबलाय बघ." रक्षितानं जाऊन पाहिलं. आईचं खरं होतं.

क्लिनिकवाल्यांनी येऊन मुद्देचा देह नेला. अप्पांनी पेटी धुऊन गच्चीवर पालथी घातली. ऊब देणारा दिवा बंद केल्यावर ती खोली किती गार आहे ते सगळ्यांना कळलं, आणि तिचं दार लोटून ठेवायची सवय लागली.

आता दुपारी ऑफिसातून रक्षिताच आईला फोन करते. जेवलीस का, असं विचारते. जेवले, असं आई म्हणते. मग दोघी जणी फोन कानाला लावून बसतात. शेवटी रक्षिताला कुणीतरी मीटिंगला बोलावतं.