वक्रता शून्य धरून

आमच्या ह्यांनी अख्ख्या विश्वाला एक क्षेत्र चिकटवलं आणि त्या जोरावर विभागप्रमुख झाले. अदिश क्षेत्र म्हणजे विश्वात जागोजागी नुसता एक आकडा, दिशेची भानगडच नाही. विश्वाचं प्रसरण ह्यांच्या गणितापेक्षा जरा वेगळं निघालं, तेव्हा ती तफावत ह्यांनी या क्षेत्राच्या माथी मारली. टाळ्या पडल्या. तेव्हापासून ह्यांची मान ताठ आहे.

मी त्याच विभागात भूमिती शिकवते. ह्यांच्या विद्यार्थिनीनं प्रबंधाचं तिसरं प्रकरण मला वाचायला दिलं. ह्यांच्या आकडेमोडीच्या प्रोग्रॅममध्ये विश्वाची वक्रता शून्य धरलेली होती, म्हणजे विश्व सपाट. पोरीनं ती मोकळी सोडली, किती ते आकड्यांनाच ठरवू दिलं. विश्व किंचित वाकलं, आकडे जुळले आणि क्षेत्राची गरजच उरली नाही. विश्व वाकडंच आहे असा तिचा दावा नव्हता. ह्यांच्या आकड्यांवरून दोन्ही शक्य आहे, एवढंच तिचं म्हणणं.

ह्यांनी फर्मान काढलं. प्रकरण काढ, नाहीतर सही मिळणार नाही. सहीशिवाय पदवी नाही. पोर रडवेली झाली आणि तिनं प्रकरण काढलं.

जेवताना मी विचारलं, "शून्य का धरलं होतंत?"

"आकडेमोड सोपी होते," म्हणाले आणि वाटी पुढे केली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसानं एकदा शून्य धरलं ते धरलं, पुन्हा तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पोरीच्या तोंडी परीक्षेला कुणालाही ऐकायला बसता येत होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी श्रोत्यांना काही विचारायचं आहे का म्हटल्यावर मी हात वर केला.

"वक्रता मोकळी सोडली तर क्षेत्राचं काय होतं?"

ह्यांनी डोळे वटारले.

"राहत नाही," पोर म्हणाली. "त्यावर माझं एक प्रकरण होतं. काढायला लागलं."

परीक्षकांनी ते मागवलं, तिथेच वाचलं आणि पुन्हा घालायला लावलं. ह्यांना मुकाट्यानं सही करावी लागली. पोरीला पदवी मिळाली.

काही दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. बरे गेले ते दिवस. मग एका सकाळी खुशीत आले. आता म्हणे एक दुसरं क्षेत्र आहे, पहिल्याला झाकणारं! पोरीला विभागातच नोकरी देऊन त्यावर कामाला लावायचं.

"तिला विचारलंत?"

"विचारलं." ह्यांचा चेहरा पडला. "म्हणाली, सर, या वेळी शून्य काय धरायचं?"