मोहफुलांची पुडी

रक्तदाब मोजून झाल्यावर धम्मपालनं शर्टाची बाही खाली केली आणि विचारलं नव्हतं तेही सांगून टाकलं.

"बिडी सोडली साहेब. तीन महिने झाले. औषध चालू आहे."

फवारणी कंपनीच्या डॉक्टरचं पेन थांबलं. बाहेर मोरव्याच्या धावपट्टीवर कपाशी फवारायचं विमान तयार उभं होतं.

"बिडी सोडायचं औषध घेऊन विमान चालवता येत नाही. डोकं जड होतं. कोणतं औषध?"

धम्मपालनं खिशातली पुडी टेबलावर ठेवली.

"मोहफुलं. मायनं भाजून दिली."

"मोहाची? म्हणजे दारूच की."

झालं. कुरखेड्याला दुसऱ्यांच्या बांधीत धानाची रोवणी करणाऱ्या बाईचा पोरगा शिष्यवृत्तीवर विमान शिकला, आयुष्यातला पहिला हंगाम, आणि खरं बोलून घरी बसायची पाळी. गप्प राहिला असता तर एव्हाना आभाळात असता. तरी धम्मपालनं पुडी मागे घेतली नाही.

पोराचं विमान पाहायला एसटीनं आलेली गुणाबाई दारातच उभी होती. ती सरळ आत आली.

"सायेब, मोह सडवला का दारू होते. भाजला का खाऊ होते. तुमीच खाऊन पाहा ना जी."

डॉक्टरही इरेला पेटला. मूठभर फुलं खाल्ली आणि घड्याळ समोर ठेवून तासभर बसला. मग पायलटांना चालवून पाहायला आखलेल्या खडूच्या रेषेवरून स्वतःच चालत गेला. पाऊल तसूभर ढळलं नाही. परत येऊन त्यानं कागदावर 'पात्र' लिहिलं आणि सही केली.

विमान उठलं तेव्हा गुणाबाईनं कपाळावर आडवा हात धरला. छाती अभिमानानं भरून आली होती, आणि ते लपवायची तिला काही गरज वाटत नव्हती.

"बाई, हा उपाय कोणी सांगितला?" शेजारी येऊन डॉक्टरनं विचारलं. आवाज आता नरम होता.

"कोनी नाई जी. पंचवीस वर्सांमांगं, छप्पन साली, चांद्याले दीक्षा घेतली. दारू सोडाची होती. मन लय मांगे, तवा हेच तोंडात ठेवलं."

"नवऱ्याची दारू?"

"माही," गुणाबाई म्हणाली. विमान वळून त्यांच्याच डोक्यावरून गेलं, तशी तिनं मान मागे टाकून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. "हा तवा पोटात होता."