बेंबी बसवणारा तांब्या

मी पितळेचा तांब्या बोलतोय. किल्लारीजवळच्या एका वाडीत सरजाबाईच्या फळीवर असतो. माझ्या गळ्याखाली नाव घातलंय, 'सटवाजीकडून सरजाक्कास'. सटवाजी तिचा धाकटा भाऊ. गवंड्याच्या हाताखाली पहिली मजुरी मिळाली, तेव्हा लातूरच्या गोलाई बाजारातून त्यानं मला आणलं आणि बहिणीला लग्नात आंदण दिलं.

पाणी प्यायला माझा उपयोग फार झाला नाही. सरजाबाई सासूकडून बेंबी बसवायला शिकली. जुलाब लागले, ओझं उचलून पोटात कळ आली, की माणसं म्हणायची, बेंबी सरकली, चला सरजाबाईकडं. ती माणसाला उताणं झोपवायची, तीन बोटांनी पोटातला ठोका शोधायची, बेंबीवर पेटती पणती ठेवायची अन् वरून मला पालथा घालायची. पणती विझली की कातडं माझ्या तोंडात ओढलं जायचं. थोड्या वेळानं 'पक्' करून मला काढायची. "बसली!" माणूस उठून, चहा पिऊन जायचा.

काय मान होता माझा! औशाची, उमरग्याची माणसं यायची. आता खरं सांगतो, निम्मी पोटं तशीही बरी होणारच होती. पण मान कुणाला नको असतो?

दोन वर्षांपूर्वी सटवाजी आला. साठी ओलांडलेला, बिड्या ओढून ओढून खोकणारा. "अक्का, पाठीत कळ येती. पोटात कायतरी उडतंय."

सरजाबाईनं बोटं ठेवली. ठोका बेंबीच्या डावीकडं होता, अन् केवढा! "लई सरकलीय रे," ती म्हणाली. मी पालथा पडलो तेव्हा तो ठोका माझ्या काठाला धाडधाड लागला. दुसऱ्या कुठल्या पोटात असा कधी लागला नव्हता. मग दर दोन-तीन महिन्यांनी तो यायचा, आणि दर वेळी ठोका आणखी रुंद झालेला असायचा. सरजाबाईच्या बोटांना ते कळत होतं. तिसऱ्या खेपेला ती "बसली" म्हणाली, पण अगदी हळू.

यंदा दिवाळीनंतर त्याच्या पोरीनं, सृष्टीनं, त्याला जबरदस्तीनं लातूरला नेलं. मोठा फोटो काढला. पोटाच्या मागची मोठी रक्तवाहिनी सात सेंटीमीटर फुगली होती. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा. बिडीनं छाती खराब आहे, त्यामुळं ऑपरेशनातही धोका आहे. पण ही कधी फुटेल सांगता येत नाही, आणि फुटली तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही.

सटवाजी दवाखान्यातून थेट बहिणीकडं आला. "पोट फाडायचं म्हणतेत अक्का. मला लई भ्या वाटतंय. तुज्या हातावर माजा भरवसा हाय. बेंबीच असंल ना? तू न्हाई म्हण, मी जात न्हाई."

"आत्या, तू सांग की त्यांला. तुझंच ऐकतेत," सृष्टी रडवेली झाली.

सरजाबाईनं मला फळीवरून काढलं, हातात फिरवलं आणि परत ठेवलं. "बघू आठ दिसांनी," ती म्हणाली.

भाऊ ऑपरेशनात गेला तर आपल्या शब्दानं गेला, ही तिची भीती खरी होती. पण दुसरंही काही होतं. जा म्हणायचं, तर दोन वर्षं आपण काय दाबत होतो, हे कबूल करावं लागणार. मलाही ते नको होतं. चाळीस वर्षं खाल्लेला मान असा सुखासुखी सुटत नाही हो.

नवव्या दिवशी सकाळी तो ओट्यावर येऊन बसला. सरजाबाई त्याच्यासमोर खाली मातीत बसली.

"सटवा, ती बेंबी नव्हती. मला पयल्याच दिशी येगळं लागलं व्हतं. मी गप बसले. जा बाबा, कापून घे."

भूकंपानंतर किल्लारीत कितीतरी घरं बांधलेला माणूस तो. त्यानं ओट्यामागच्या भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "फुगलेली भिंत कुणी दाबतं का अक्का? ती उतरवावीच लागती. आधी बोलायचं न्हाई का गं?" आणि त्यानंच फोन लावला. "सृष्टे, तारीख घे."

सोमवारची तारीख मिळाली.

शनिवारी दुपारी बहिणीकडं जेवता जेवता त्याच्या पाठीत कळ उठली आणि तो घामानं निथळला. जीपमध्ये त्याचं डोकं सरजाबाईच्या मांडीवर होतं आणि पाणी भरलेला मी तिच्या हातात. "अक्का, एकदा तांब्या लाव गं," तो पुटपुटत होता. तिनं नाही म्हणून मान हलवली, माझ्यातलं पाणी त्याच्या तोंडात घातलं. दोन घोट गेले, तिसरा ओठातून खाली आला. लातूरच्या वाटेवरचं औसाही अजून लांब होतं.

तेराव्याला सृष्टीनं स्टीलचे डबे वाटले, 'कै. सटवाजी यांच्या स्मरणार्थ'. सरजाबाईनं तो डबा माझ्याशेजारीच ठेवलाय. एका फळीवर त्याचं नाव दोनदा आहे. माझ्यावरचं नाव अजून जिवंत माणसाचं आहे.

आता ती मला कुणाच्या पोटावर घालत नाही. आलेल्या माणसाला सांगते, "मोठ्या दवाखान्यात दाखव. मी गप बसले अन् माजा भाऊ गेला." कुणी ऐकतं. कुणी शेजारच्या गावातल्या बाईकडं जातं. तिच्याकडंही तांब्या आहे.

तुम्ही तिकडं गेलात, तर त्या बाईला माझा एवढा निरोप सांगा. बोटांना वेगळं लागलं, तर त्याच दिवशी बोल म्हणावं.